नवरंगाचे पाय

रुपराव फोटोवाल्याचा जबलपूरचा रंगारी नागपूरच्या सगळ्या बर्डीला ऐकून माहीत होता, पाहिला मात्र कोणीच नव्हता. पाहणार कुठून? असा माणूस जन्मालाच आलेला नव्हता. ‘फोटो रंगवायले जबलपूरले गेले, पंधरा दिवस लागतीन,’ असं रुपराव गिऱ्हाइकाला सांगायचा, तेव्हा तेच फोटो त्याच्या डोक्यावरच्या माडीत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, त्याच्या बहिणीच्या पाटावर वाळत पडलेले असायचे.

बहिणीचं नाव उत्तरा. तिला नवऱ्यानं टाकलं त्याला अकरा वर्षं झाली होती. काहून टाकलं, हे त्याला विचारायला कोणी गेलं नाही. आपल्याकडे असले प्रश्न बाईलाच विचारतात. ती भावाकडे आली आणि दोन महिने माडीत नुसती भिंतीकडे पाहत बसली. शेवटी रुपरावनं तिच्यापुढे एक छोटं पुस्तक टाकलं. त्याची पानंच रंगाची असायची. पानाचा नखाएवढा तुकडा कापायचा, बशीतल्या पाण्यात सोडायचा, की रंग उतरायचा. ‘पाह्य, यात मन लागते का,’ तो म्हणाला. मन असं लागलं म्हणता! तीन वर्षांत रुपरावचे रंगीत फोटो कामठीपासून उमरेडपर्यंत नावाजले गेले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ही हकीकत आहे चौतीस सालची. तेव्हा रुपराव ज्या काचांवर फोटो घ्यायचा, त्या लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल लुगडं काळं यायचं, आणि नवरीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू चक्क कोळशाचा डाग होऊन बसायचं. तो पाहून नवरीची आई फोटो उलटा करून ठेवायची. म्हणून लग्नाचा फोटो हातात आला की उत्तराचं पहिलं काम कुंकवाचं. बारीक चाकूच्या टोकानं तो काळा डाग हळूच खरवडायचा, कागदाला भोक पडू द्यायचं नाही, आणि खारीच्या केसांच्या ब्रशनं तिथं लाल टिपका भरायचा. ब्रश खाली ठेवला की नवरी सवाष्ण झाली!

आणि मेख नेमकी इथंच होती. जिला कोणी ओटी भरायला बोलावत नाही, हळदीकुंकवाच्या वेळी जिच्यावरून नजर पुढे सरकते, तिच्या हातून अख्ख्या नागपूरच्या लेकीसुनांचं कुंकू भरलं जात होतं. हे बाहेर फुटतं तर महालापासून बर्डीपर्यंत एक गिऱ्हाईक टिकलं नसतं. जबलपूरची थाप रुपरावच्या बायकोच्या, सुभद्रा वहिनीच्या, सुपीक डोक्यातली. रुपरावला बिचाऱ्याला धड खोटंही बोलता येत नसे; तिनं त्याच्याकडून ती पाढ्यासारखी घोकून घेतली होती. उत्तरालाही ती मान्य होती. ब्रश हातातून गेला असता तर ती त्या घरात फक्त एक ताट वाढवणारी बाई उरली असती. वहिनीनं तसं कधी दाखवलं नसतं. पण उत्तरा रोज तेच पाहत राहिली असती.

तर आषाढात लग्नसराई संपली, दुकानात माश्या मारायची वेळ आली, आणि धंतोलीचे वामनराव दुकानाची पायरी चढले. हे जंगलखात्यातले रेंजर. तीस वर्षं चांद्याच्या आणि बालाघाटच्या रानात काढून आता पेन्शनीत बसले होते. त्यांना एक पुस्तक काढायचं होतं: आपल्या रानातली बारा चिमुकली रंगीत पाखरं, प्रत्येकाचा फोटो, तोही रंगवलेला. पहिला मान नवरंगाला.

नवरंग म्हणजे साळुंकीपेक्षा लहान, शेपटीनं तोकडा, पावसाळ्यात आपल्याकडे येणारा पक्षी. नाव एवढं राजेशाही आणि वागणं भंगार वेचणाऱ्याचं. दाट झाडीखाली, काळोख्या ओल्या जमिनीवर, पालापाचोळा उलटा करत फिरायचं. वर आषाढातले ढग. तिथं फोटोच्या काचेला दिसणार काय, कप्पाळ? म्हणून रुपराव फ्लॅश घेऊन गेला. हा फ्लॅश म्हणजे पत्र्याचं तबक. त्यात मॅग्नेशियमची पावडर ओतायची आणि चाप ओढायचा. भप्पकन पांढरा लोळ उठतो, आणि क्षणभर सगळं लख्ख होतं. रात्रीच्या वरातीचे आणि पंगतीचे फोटो तो असेच काढायचा. गोरेवाड्याच्या रानाला लागून नत्थूजी नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं. त्यानं नवरंगाची जागा दाखवली, पळसाच्या पानांची एक झोपडी करून दिली. दोन वेळा पावडर ओलसर झाली आणि नुसती फुसफुसली. चौथ्या दिवशी फोटो आला, आणि काय आला! एकेक पीस मोजून घ्यावं असा.

‘आता रंग सांग,’ उत्तरा पाटावर बसत म्हणाली.

‘हिरवा आहे, निळा आहे, पिवळा आहे. पोटाखाली लाल.’

‘कोणता हिरवा?’

‘हिरवा म्हणजे हिरवा! त्यात कोणता काय?’

‘अरे भाऊ, पोपटी का शेवाळी? कैरीचा का मुगाच्या सालाचा? निळा कोणता, आसमानी का मोरपंखी?’

‘अवं, मी पाखरू पाह्यलं का लुगडं? भप्प झालं का उडून जाते ते. मी तर चापाकडेच पाहून राहिलो होतो.’

खालून वहिनीचा आवाज आला, ‘उत्तराबाई, कोणाले विचारून राहिल्या तुम्ही? माह्या लग्नातला शालू कोणत्या रंगाचा होता ते विचारा त्यायले आधी. माह्याकडे पाहूनच राहिले होते म्हणे तेव्हा!’

रुपराव हसत खाली निघून गेला, आणि उत्तरानं जे हाती होतं त्यावर काम सुरू केलं. पिवळा म्हणाला, तर तिनं हळदीचा पिवळा लावला. हिरवा पोपटी केला. निळ्याला आसमानी. पोटाखाली काळं होतं ते खरवडून लाल केलं. आणि मग तिला दिसलं, डोक्यावर मधोमध एक काळा पट्टा आहे. अकरा वर्षं जिनं कपाळावरचा प्रत्येक काळा डाग लाल केला, तिच्या हातानं विचारलंही नाही. चाकू फिरला, ब्रश फिरला, आणि नवरंगाच्या भाळी लालभडक मळवट भरला गेला.

वामनरावांनी तो फोटो पाहिला, तेव्हा ते म्हणे खुर्चीतून पडायचेच राहिले. रुपराव घरी येऊन सांगत होता, तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

‘म्हणाले, रुपराव, या पाखराले कुंकू कोणी लावलं? लग्न लावून दिलं काय याचं? डोक्याचा पट्टा काळाच असतो म्हणे, काजळासारखा. आणि अंगाले हळद लावली म्हणाले. सगळे हसून राहिले होते नं, त्यायच्याकडे दोघंतिघं बसलेले.’

उत्तरा आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘पुढं काय म्हणाले?’

‘म्हणाले, तुमच्या जबलपूरवाल्यानं जन्मात चिमणी तरी पाह्यली काय? आणखी एक डाव देतो. नाही जमलं तर बाराच्या बारा फोटो कलकत्त्याले रंगवायले धाडीन.’ रुपरावनं टोपी काढून खुंटीला लावली. ‘आणि ते बोलले तर साऱ्या धंतोलीत होईन, का रुपरावचे रंग खोटे.’

अकरा वर्षांत उत्तराला कोणी नावाजलं नव्हतं, कारण ती कोणाला माहीतच नव्हती. पण ‘खोटे’ हा शब्द मात्र थेट तिलाच येऊन लागला. ती म्हणाली, ‘मले पाह्यचं आहे ते पाखरू.’

‘रानात? तू?’

‘पाखरू बर्डीवर तर येऊन राहिलं नाही नं.’

‘लोक काय म्हणतीन वं?’

‘लोकायचं काय ते मी पाहून घेतो,’ वहिनी दारात येऊन म्हणाली. ‘नत्थूजीच्या घरी पाहुणपणाले गेल्या म्हणून सांगीन. जा तुम्ही उत्तराबाई. यायच्या भरवशावर राह्यल्या तर मोरालेही गुलाल लावून ठेवान.’

पहाटेच्या रेंगीनं, म्हणजे छोट्या बैलगाडीनं, बहीणभाऊ गेले. काटोल रोड सोडला आणि बैलांच्या खुरांना चिखल लागला. नत्थूजी म्हातारा, तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ. उत्तराला पाहून त्यानं काहीही विचारलं नाही. ‘माय, साप पाहून पाय टाकजो,’ एवढंच म्हणाला आणि पुढं चालू लागला.

पळसाच्या झोपडीत जागा एकाच माणसाची. कॅमेरा तिथंच मांडलेला. रुपरावनं तबकात पावडर ओतली. शेवटची होती, मुंबईहून नवी यायला महिना लागला असता. त्यानं तीनतीनदा समजावलं. ‘आधी काचेच्या पुढची पट्टी वर ओढून काढजो. मग हा रबराचा फुगा दाबजो, आणि दाबूनच ठेवजो. मग चाप. पट्टी, फुगा, चाप. ध्यानात राहीन?’

‘राहीन.’

‘आलीच आहे तर एक फोटोही होऊन जाईन,’ असं म्हणून तो नत्थूजीबरोबर वावराच्या बांधावर जाऊन बसला.

उत्तरा बसली. मुंग्या चढल्या, पाय आखडला, गालावर डास बसला तरी हात हलवला नाही. दुकानात भाऊ ज्या लोकांना ‘हालू नका’ म्हणून ओरडायचा, त्यांची तिला पहिल्यांदाच कीव आली. मग समोरच्या कुजक्या पानांत काहीतरी टुणटुण उड्या मारत आलं. पाहते तर काय, मातकट, ढेकळाएवढं एक पाखरू! त्या काळोखात ना निळा दिसत होता ना हिरवा. याच्यासाठी मी दोन कोस आले? तिला रडूच यायचं बाकी राहिलं. पाखरानं एक पान चोचीत धरून बाजूला भिरकावलं, मान वर केली आणि तिच्याकडे पाहत उभं राहिलं.

तिनं फुगा दाबला, चाप ओढला.

अरे बाप्पा! रानच पेटलं जणू. आणि त्या पांढऱ्या उजेडात तो मातकट गोळा एकदम खरा झाला. पाठीचा हिरवा, खांद्यावरचा निळा, डोळ्यातून मागं गेलेला काळा पट्टा, पोटाखालचा लाल, सगळं एकाच वेळी तिच्या डोळ्यांवर येऊन आदळलं. पाखरू उडालं, तेव्हा पंखात आणखी काहीतरी चमकलं. मग धूर, आणि काळोख.

उत्तरानं डोळे गच्च मिटून घेतले. आता उघडले तर सांडून जाईल अशी तिला भीती वाटली.

‘भाऊ!’ ती ओरडली. ‘लिहून घे! लवकर!’

रुपराव धावत आला, त्याला वाटलं बहिणीचे डोळे भाजले. ‘काय झालं वं? दिसून राहिलं नं?’

‘दिसून राहिलं, म्हणूनच तर उघडत नाही. लिही! अंगाचा पिवळा नाही, तुपात भाजलेल्या रव्याचा आहे. पाठ मुगाच्या सालाची. खांद्यावर मोरचुदाचा निळा, ओल्या मोरचुदाचा. शेपटीच्या वरही तोच. गळा पांढरा. डोक्यावर काळा, दोन्ही अंगांनी बदामी. पोटाखाली डाळिंबाचे दाणे, पिकल्या डाळिंबाचे. आणि पाय...’ ती थांबली. ‘पाय गुलाबी आहेत रे भाऊ. तान्ह्या लेकराच्या तळपायासारखे.’

रुपरावनं सगळं खिशातल्या वहीत उतरवलं. मग कॅमेऱ्यापाशी गेला आणि कपाळावर हात मारून घेतला. पट्टी जागच्या जागी होती. तिनं फुगा दाबला होता, चाप ओढला होता, आणि पट्टी काढायचीच विसरली होती. काच कोरी. दुकानातली शेवटची पावडर एका बाईच्या डोळ्यांसाठी जळाली होती!

‘आता?’ उत्तरा रडकुंडीला आली.

रुपराव तिच्याकडे पाहत राहिला. रागवायला त्यानं तोंड उघडलं, आणि फस्सकन हसूच बाहेर आलं. ‘जाऊ दे. पहिला फोटो आहे नं आपल्यापाशी. त्याले डोळे नव्हते, ते आता आले.’

तेवढ्यात नाल्याच्या पल्याड कोणीतरी दोन सुरांची शीळ घातली. ‘भेलं नाही माय तुमचं पाखरू,’ नत्थूजी म्हणाला. ‘घडीभरानं पुन्हा येऊन पानं उकरते पाहा.’ हे ऐकून उत्तराला फार बरं वाटलं. भाऊ चार दिवस त्या मुक्या जीवाच्या तोंडावर आग पेटवत होता, हे तिच्या मनात कधीचं टोचत होतं.

जुन्याच काचेवरून रुपरावनं नवा कागद छापला. उत्तरानं दोन दिवस त्या एका पाखरावर घालवले. मोरचुदाचा निळा नुसत्या निळ्यानं साधेना, त्याच्याखाली हिरव्याचा एक पुसट हात द्यावा लागला. पायांसाठी तिनं लाल रंगाचा थेंब बशीभर पाण्यात सोडला आणि त्यातलंही अर्धं पाणी टाकून दिलं. वहिनी चहा घेऊन आली, फोटो पाहून म्हणाली, ‘बाई, हे तर आता उडून जाईन.’

धंतोलीला जायचं ठरलं तेव्हा रुपराव चाचरला. ‘ते शंभर प्रश्न विचारतीन. मी काय सांगू?’

‘उत्तराबाईले घेऊन जा सोबत,’ वहिनी म्हणाली. ‘बाईमाणूस अंदर बसते, रंभाबाईसंग. काही अडलं तर पाणी प्यायच्या निमित्तानं जाऊन विचारजा.’

वामनरावांची बायको रंभाबाई मोठी अगत्याची. उत्तराला बैठकीच्या आतल्या खोलीत, दारापाशीच, चटई टाकून बसवलं. लाडू दिला. मग कुंकवाचा करंडा घेऊन समोर बसल्या आणि लावता लावता सहज विचारलं, ‘मालक काय करतात?’

‘मी भावाकडेच असते,’ उत्तरा म्हणाली. ‘अकरा वर्षं झाली.’

रंभाबाईंचा हात अर्ध्यावर थांबला. क्षणभरच. मग ‘चहा राह्यलाच की,’ असं काहीतरी म्हणत त्या उठल्या, आणि करंडा बरोबर घेऊन गेल्या. उत्तराला याची सवय होती. सवय होती म्हणून काही दुखायचं राहत नाही. तिनं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेरचं बोलणं ऐकत बसली.

बाहेर वामनरावांनी एक सपाट पेटी उघडली होती. आत कापसात ठेवलेला, पेंढा भरलेला, डोळ्यांच्या जागी कापूस असलेला नवरंग. ते एकदा पेटीत पाहत होते, एकदा फोटोत.

‘वा! पाठ जमली. निळा... अरे, हा निळा कसा साधला? डोकं बरोबर.’ मग ते फोटोवर वाकले. ‘आणि हे काय? पाय?’

‘काय झालं पायायले?’ रुपराव म्हणाला.

‘तपकिरी असतात पाय. हे पाहा, माझ्याकडे आहे की साक्षात. तुमच्या जबलपूरवाल्यानं गुलाबी केले. पुन्हा मनचं घातलं ना त्यानं? बाकी काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पाय तपकिरी करून द्या. बाराही फोटो तुमचेच.’

‘देतो नं!’ रुपरावचा जीव भांड्यात पडला. ‘आजच करून देतो. एका हाताचं काम आहे.’

आत उत्तरा तो लाडवाचा तुकडा चावायची थांबली. किती सोपं झालं होतं सगळं! ब्रशाची एक ओढ, बोटभरही नाही. काम राहिलं, जबलपूर राहिलं, घरातली तिची जागा राहिली. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. अकरा वर्षं ती तेच करत आली होती, तिला ते चांगलं जमायचं.

पण पाय गुलाबी होते. तिनं पाहिले होते.

ती उठली, पदर सारखा केला आणि दारात येऊन उभी राहिली. ‘पाय गुलाबीच असतात,’ ती म्हणाली. ‘तपकिरी केले तर खोटं होईल.’

रुपरावचा चेहरा पांढराफटक पडला. ‘उत्तरा, तू अंदर...’

‘या कोण?’ वामनरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

रुपरावनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. जबलपूर त्याच्या जिभेवर तयारच होतं, पाढ्यासारखं. त्यानं ते गिळलं. ‘माझी बहीण आहे,’ तो म्हणाला. ‘रंग तीच भरते. जबलपूरले कोणी नाही. कधीच नव्हतं.’

वामनराव रागावले नाहीत. त्यांनी उत्तराला नीट न्याहाळलं आणि परीक्षेला बसलेल्या पोराला विचारावं तसं विचारलं, ‘पाय गुलाबी आहेत हे कशावरून?’

‘गोरेवाड्याच्या रानात पाहिले. फ्लॅशच्या उजेडात.’

‘एवढ्याशा उजेडात भास होतो, बाई. आणखी काय दिसलं?’

उत्तरानं डोळे मिटले. तिथंच, परक्या माणसांसमोर, बैठकीच्या दारात. ‘उडाला तेव्हा पंखात पांढरं दिसलं. पंख मिटले असले की ते झाकलेलं राहतं. टोकाकडे, एवढं, पैशाएवढं गोल.’

वामनरावांनी हळूच पेटीतला पक्षी उचलला. पंख अंगाला चिकटून वाळलेला होता. नखानं ते तो अलगद उचकटत राहिले, आणि आतली पांढरी खूण दिसली तशी त्यांनी पक्षी परत कापसात ठेवला.

‘तीस वर्षं,’ ते म्हणाले. ‘तीस वर्षं मी या पाखराची शीळ ऐकली. दिसलं की आधी बंदूक उचलायचो. हातात घेऊन पाहायचो ते पडल्यावर, आणि तेही मुक्कामी गेल्यावर, कंदिलापाशी. पाय वाळून तपकिरी होतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, मी पाहिलाय.’ त्यांनी पेटी बंद केली. ‘पाय राहू द्या तसेच. बाकीची अकरा पाखरंही यांनी आधी पाहावीत, मग रंगवावीत. रुपराव, यांना घेऊन जात जा.’

रुपराव मान हलवत होता, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. तो बहिणीच्या मागं पाहत होता. तिथं रंभाबाई चहाचे कप हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवले. आतल्या भिंतीवर एक लग्नाचा फोटो होता, रुपरावच्या दुकानातलाच. तो त्यांनी खिळ्यावरून काढला आणि पदरानं काच पुसत बाहेर आल्या. उत्तरानं दाराची चौकट धरली. आता सगळं संपलं. उद्या ही गोष्ट धंतोलीत, परवा बर्डीवर. तिनं भावाकडे पाहिलं नाही. फोटोतल्या नवरीकडे पाहिलं. तिला ती चांगली आठवत होती, कपाळ लहान होतं, टिपका बसवायला त्रास झाला होता.

‘हे कुंकू तू भरलं?’ रंभाबाईंनी विचारलं.

‘हो.’

‘नऊ वर्षं झाले याले.’ त्यांनी काचेवर बोट टेकवलं. ‘माही पोरगी रायपूरले आहे. तीन लेकरं आहेत, घरदार आहे, जावई लाखात एक. सणवाराले येते तर हा फोटो पाहून मीच म्हणतो, पाह्य, कुंकू कसं ठसठशीत आहे, लावणाऱ्याचा हात चांगला. आणि आत्ता, आत्ता तुह्या कपाळाले लावाले माहा हात मागं आला वं बाई. लाज नाही वाटली मले.’

आणि त्या चक्क रडू लागल्या. उत्तरानं रंभाबाईंच्या हातातून फोटो घेतला, उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक करून पाहिला.

‘कुंकू चांगलं आहे,’ ती म्हणाली. ‘पण पदराच्या जरीचा रंग पार उडून गेला आहे. चौकटीतून काढून द्या मले, भरून देते.’